चौकीतली एक जास्तीची खुर्ची

घरातून निघून आलेलं पोर मुंबईत उतरतं ते बहुतेक वेळा रेल्वेनंच. लोकमान्य टिळक टर्मिनस, कल्याण, दादर, सीएसएमटी. लांब पल्ल्याची गाडी रिकामी होते, हमाल आणि टॅक्सीवाले गिऱ्हाईक घेऊन निघून जातात आणि फलाटावर एखादं पोर उरतं. हातात पिशवी नाही, कुणी घ्यायला येणार असल्याचं लक्षण नाही. पुढच्या तासाभरात त्याला कोण हेरतं, यावर त्याचं बरंच काही ठरतं. हेरणारे तीन. त्याला कुठल्या तरी कारखान्यात, ढाब्यावर किंवा त्याहून वाईट ठिकाणी नेऊन सोडणारा माणूस, पोलीस, आणि आमच्यासारखी संस्थेची माणसं. पहिल्याला कागद भरायचा नसतो, कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून तो नेहमी वेळेवर हजर असतो. उरलेल्या दोघांनी मिळून काम करावं असं कायदा सांगतो, परिपत्रकं सांगतात. प्रत्यक्षात दोघंही एकमेकांकडे संशयानं बघत उभे असतात आणि तेवढ्यात पोर दिसेनासं होतं.

मी बरीच वर्षं मध्य रेल्वेच्या स्टेशनांवर या मुलांसोबत काम केलं. पोलीस आणि संस्था यांचं जमतं कधी आणि फिसकटतं कधी, हे जवळून पाहिलं. समन्वय बैठकांना माझा विरोध नाही, पण बैठकीत ठरलेलं फलाटावर उतरताना मी फार कमी वेळा पाहिलं. जे उतरलं, ते रात्रीच्या पाळीत कुणीतरी कुणाचं ओझं हलकं केलं म्हणून.

आधी कायद्याचं सांगते, कारण कायदा या बाबतीत खरोखर चांगला आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ म्हणतो की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं, की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांचं पुढं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीसमोर, हजर करायचं. हजर कोण करू शकतं? पोलीस, सरकारी नोकर, स्वयंसेवी संस्था, कुणीही जागरूक नागरिक, आणि मूल स्वतःसुद्धा. प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक फौजदाराच्या दर्जाहून खालचा नसेल असा एक बालकल्याण पोलीस अधिकारी हवा. प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक हवं, आणि त्या पथकात बालकल्याणाचा अनुभव असलेले दोन सामाजिक कार्यकर्ते हवेत, त्यातली एक स्त्री. मुलांशी बोलताना पोलिसांनी शक्यतो गणवेशात नसावं, असं नियमात आहे. म्हणजे आम्ही पोलिसांच्या दारात उपकार मागायला जात नाही. पथकात आमच्यासारख्यांची जागा कायद्यानंच ठेवली आहे. ती जागा किती जिल्ह्यांत खरोखर भरलेली आहे, आणि भरलेली असली तर तो माणूस महिन्यातून एकदा सहीपुरता येतो की रोज येतो, हा खरा प्रश्न आहे.

आता हाच कायदा रात्री अडीच वाजता एका हवालदाराच्या बाजूनं बघा.

गाडीतून उतरवलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा समोर बाकावर बसलेला. तो नाव सांगतो, पण दर वेळी वेगळं. गाव सांगत नाही. हवालदाराला आधी स्टेशन डायरीला नोंद करायची. मग मुलाची वैद्यकीय तपासणी, म्हणजे सरकारी रुग्णालय, तिथली रांग, केसपेपर. बालकल्याण समिती रात्री बसत नाही. तोवर मुलाला ठेवायचं कुठं? लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बालगृहात नेलं तर तिथला माणूस विचारतो, समितीचं पत्र कुठंय? सकाळी समितीसमोर न्यायचं, तिथं थांबायचं, आदेश घ्यायचा, मग मुलाला पोहोचवून पोचपावती आणायची. एका रात्रीची ड्युटी दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत लांबते, आणि संध्याकाळी पुन्हा पाळी असतेच.

अशाच एका रात्री एक हवालदार मला म्हणाले, "मॅडम, पोराला हात लावला की माझं घरी जाणं गेलं. लेडीज स्टाफ दोन, त्यातली एक बंदोबस्ताला. सांगा तुम्हीच, कुणाला पाठवू?" ते वाईट माणूस नव्हते. बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी त्या मुलापुढं सरकवली होती. आमच्याकडे असे पुष्कळ जण येतात ज्यांना वाटतं, पोलिसांना मुलांविषयी संवेदनशील करायला हवं, मग प्रशिक्षण ठेवू, व्याख्यान देऊ. व्याख्यान जरूर द्यावं. पण त्या हवालदारांच्या संवेदनेत काही कमी नव्हतं. कमी होती ती गाडी, सोबत जायला एक माणूस आणि रात्री मुलाला ठेवायची जागा. या तीन गोष्टी नसल्या, की सगळ्यात सोपा मार्ग उरतो तो म्हणजे मुलाला पुढच्या लोकलमध्ये बसवून देणं. हद्द संपली, की प्रश्न संपला.

त्या रात्री आमची एक कार्यकर्ती आणि आमची गाडी मुलासोबत रुग्णालयात गेली. जाताना पोलिसांचा एक माणूस बरोबर होता, पण केसपेपर काढण्यापासून मुलाला लघवीला नेण्यापर्यंत सगळं आमच्या मुलीनं केलं. सकाळी समितीसमोर लागणारी माहिती तिनं रात्रीच लिहून काढली होती. मुलाच्या खिशात गुटख्याच्या पुडीमागं लिहिलेला एक फोन नंबर निघाला, शेवटचे दोन आकडे पुसलेले. तिनं तो नीट जपून ठेवला. पुढच्या आठवड्यात त्याच हवालदारांचा आपणहून फोन आला: "ताई, एक मुलगी आहे, लवकर या." त्या फोनसाठी कुणी परिपत्रक काढलेलं नव्हतं.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू आमच्या मनातल्या अढीची, आणि ती हवेतून आलेली नाही.

फलाटावर राहणाऱ्या मुलांना 'मामा आले' एवढं ऐकलं की ती रूळ ओलांडून पळतात. येणाऱ्या गाडीपेक्षा त्यांना त्या काठीची भीती जास्त असते. तळपायावर मार खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत. कुणी मोठा पाहुणा येणार म्हणून रात्रीतून उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला सोडलेली मुलं पाहिली आहेत. अशा मुलांबरोबर महिनोन् महिने बसून, चहा-बिस्किट खाऊन, जखमांना पट्ट्या बांधून जो विश्वास कमवायचा, तो पोलिसांबरोबर आम्ही हसत बोलताना दिसलो की एका संध्याकाळीत जातो. "दीदी, तू उनकी है क्या?" हा प्रश्न मला विचारला गेला आहे. त्याचं उत्तर देणं सोपं नसतं, कारण 'नाही' म्हटलं तर उद्या याच मुलाला सोडवायला मला त्याच ठाण्यात जायचं असतं.

सगळ्यात नाजूक जागा माहितीची. स्टेशनवर मोबाईल चोरीला गेला की ठाण्यातून विचारणा येते: तुमच्या पोरांना माहीत असणार, विचारून सांगा. मागणारा वाईट हेतूनं मागत नाही, त्याच्यावर तपासाचा दबाव असतो. पण इथं संस्थेनं एकदा जरी होकार दिला, तरी ती खबऱ्याची जागा घेते. मग मुलं तिच्याकडे यायची थांबतात, आणि जी थांबतात ती त्याच माणसाकडे जातात जो त्यांना नशेसाठी सोल्यूशन हुंगायला देतो आणि चोऱ्या करायला लावतो. नुकसान पोलिसांचंही होतं. हे मी ज्या अधिकाऱ्यांना शांतपणे, उदाहरणं देऊन समजावलं, त्यांतल्या बहुतेकांना ते पटलं. चांगल्या अधिकाऱ्याला आपल्या खबऱ्यांचं मोल कळतं, तसंच ज्यानं खबऱ्या होता कामा नये अशा माणसाचंही कळतं.

पण गुपित राखण्यालाही हद्द आहे, आणि ती आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना ऐकायला आवडत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. पालकांपासून तुटलेलं मूल आपल्याकडे ठेवून घेऊन चोवीस तासांत कळवलं नाही, तर बाल न्याय कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे नियम संस्थांनाही लागू आहेत. 'आम्ही चांगल्या मनानं ठेवलं होतं' हा बचाव होत नाही, होऊही नये. चांगल्या मनाच्या नावाखाली मुलांचं काय काय होतं हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. म्हणून मी नव्या कार्यकर्त्यांना सांगत असे: मुलाला वचन देताना आधी सांगा की मी काय कुणाला सांगणार नाही, आणि काय मला सांगावंच लागेल. मुलांना हे कळतं. फसवलं गेलं की मात्र ती कायमची दुरावतात.

ही सीमारेषा पाळूनही पोलिसांच्या आवारात बसून काम करता येतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे आणि आपण तो पुरेसा आठवत नाही. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. हिंसा सोसून आलेली बाई तक्रार घेऊन पोलिसांकडे येते, तर तिला भेटायला तिथंच एक प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसलेली असावी, एवढी साधी कल्पना. कार्यकर्ती बसते पोलिसांच्या छताखाली, पण ती पोलिसांची हाताखालची माणूस नाही. पोलीस तिच्याकडे प्रकरण पाठवतात, ती गरज पडली की पोलिसांना सोबत घेते, आणि तिचं उत्तरदायित्व त्या बाईशी असतं. ही रचना टिकली, पुढं शासनानं ती स्वीकारली आणि आज राज्यभर असे कक्ष आहेत. बाईला तडजोड करायला लावून घरी पाठवण्याची ठाण्यांची जुनी रीत यातून एका फटक्यात गेली नाही. पण शेजारी रोज एक खुर्ची असली आणि तिच्यावर ठाम माणूस बसला असला, की समोरच्याच्या बोलण्याची भाषा हळूहळू बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझं म्हणणं एवढंच की फलाटावरच्या मुलांसाठी हेच करा. रेल्वेत त्याची सुरुवात झालेली आहे. दिल्ली उच्च न्यायालयात चाललेल्या एका प्रकरणानंतर २०१५ साली रेल्वेनं स्टेशनवर सापडणाऱ्या मुलांसाठी कार्यपद्धती ठरवून दिली, मोठ्या स्टेशनांवर बाल मदत कक्ष आले. रेल्वे सुरक्षा दलानं 'नन्हे फरिश्ते' ही मोहीम हाती घेतली. २०१८ पासून मे २०२४ पर्यंत ८४,११९ मुलांना वाचवल्याचं दलानं जाहीर केलं आहे. हा आकडा मोठा आहे आणि त्यामागं शेकडो जवानांची पायपीट आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी एक प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारला आणि पुढंही विचारेन: घरी पोहोचवलेल्या मुलांपैकी सहा महिन्यांनी किती जण घरीच आहेत? बाप दारू पिऊन मारतो म्हणून निघालेल्या मुलाला त्याच बापाच्या हाती सही घेऊन सोपवलं, तर पोलिसांच्या वहीत ते प्रकरण निकाली निघतं, मुलाच्या आयुष्यात नाही. घराची चौकशी, गावातल्या शिक्षकांशी बोलणं, महिन्याभरानं पुन्हा फोन, हे काम संस्थांचं आहे. त्या पाठपुराव्याला पैसा आणि माणसं मिळाल्याशिवाय वाचवलेल्यांच्या आकड्याला अर्थ येत नाही. हरवलेली मुलं शोधायच्या 'ऑपरेशन मुस्कान'सारख्या महिनाभराच्या मोहिमांबद्दलही मला हेच वाटतं. महिना संपला की पथक आपापल्या कामाला लागतं, मुलं मात्र बाराही महिने येत राहतात.

आणि फोटो. सुटका केलेल्या मुलांना मध्ये उभं करून दोन्ही बाजूंना अधिकारी, कधी संस्थेचे पदाधिकारी, असे फोटो अजून छापून येतात. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं गुन्हा ठरवलं आहे. इथं दोष एकट्या पोलिसांचा नाही. देणगीदारांना दाखवायला म्हणून संस्थाही हे करतात. ते आधी आपण थांबवायला हवं, म्हणजे दुसऱ्याला सांगायचा अधिकार येतो.

मुंबईला या कामाचा वारसा आहे. १९९६ साली जेरू बिलिमोरिया यांनी टाटा संस्थेतूनच चाइल्डलाइनची, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या मदतीच्या फोनची, सुरुवात केली. १०९८ हा नंबर रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी 'दस-नौ-आठ' असा बसला, कारण तो त्यांना त्यांचा वाटला. फोन केला की खाकीतलं कुणी येणार नाही, एखादा दादा किंवा दीदी येईल, ही खात्री त्यात होती. २०२३ पासून ही सेवा सरकारी यंत्रणेकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडली गेली. पोलिसांची गाडी लवकर पोहोचू शकते, हा त्यातला फायदा मी नाकारत नाही. पण जे मूल पोलिसांनाच घाबरून पळालं आहे, ते हा फोन उचलेल का, याची काळजी मला वाटते. जिल्हा बाल संरक्षण कक्षांनी या फोनवर जाणाऱ्या पथकात अनुभवी कार्यकर्ते ठेवले तर ही काळजी बरीच कमी होईल.

मुंबईत अशा मुलांना नेतात ते डोंगरीचं बालगृह ज्या आवारात आहे, तो जुना तुरुंग. टिळक आणि आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवस काढले ते तिथंच. त्या भिंती आजही तुरुंगाच्याच आहेत, आणि मुलं त्या जागेला अजून 'रिमांड' म्हणतात. आत चांगलं काम करणारी माणसं मला भेटली आहेत. पण 'तुला सुरक्षित ठिकाणी नेतो' असं पोलिसानं म्हणायचं आणि मुलानं समोर ती भिंत बघायची, यात पोलिसाचा शब्द खोटा पडतो.

आता ज्या वयाबद्दल कुणीच बोलत नाही त्याबद्दल. अठरा पूर्ण झाले, की एका रात्रीत हा सगळा कायदा संपतो. काल ज्याला बालकल्याण समितीसमोर न्यायचं होतं, त्याला आज रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली अनधिकृत प्रवेशासाठी धरता येतं, सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत सापडला म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ लावता येतं. भीक प्रतिबंधक कायदा तर १९५९ चा. त्याच्या व्याख्येत उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणाराही येतो, आणि वॉरंटशिवाय अटक होते. हाच कायदा दिल्लीत लागू होता. २०१८ साली तिथल्या उच्च न्यायालयानं भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे तो अजून उभा आहे. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी अठरा ते एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. पण जो कधी बालगृहात गेलाच नाही, फलाटावरच मोठा झाला, त्याच्यासाठी ती दारं बंद. रात्रनिवारे आहेत, तिथं ओळखपत्र मागतात. ओळखपत्र काढायला पत्ता लागतो.

एकोणीस वर्षांचा एक मुलगा मला आठवतो. लहानपणापासून आम्ही त्याला ओळखत होतो. लग्नाच्या हंगामात केटरिंगच्या कामाला जायचा, रात्री दोन-तीनला सुटायचा, लोकल बंद, म्हणून फलाटावर झोपायचा. दर पंधरवड्याला कुणीतरी त्याला उठवून नेई आणि दुसऱ्या दिवसाचं काम बुडे. शेवटी एका पोलीस निरीक्षकांबरोबर आमच्या संस्थेनं साधी व्यवस्था ठरवली. कामावर जाणाऱ्या अशा मुलांना, त्यांच्या संमतीनं, संस्थेचं ओळखपत्र द्यायचं, त्यावर आमचा फोन नंबर. रात्री कुणी अडवलं तर कारवाईआधी एक फोन. पोलिसांनी यादी मागितली, आम्ही दिली नाही. कार्ड दाखवायचं की नाही हे मुलानं ठरवायचं, या अटीवर आम्ही अडून राहिलो. निरीक्षक थोडे नाराज झाले, पण मान्य केलं. तो मुलगा सलग काम करू लागला. पुढं त्या निरीक्षकांची बदली झाली आणि नव्या साहेबांना या व्यवस्थेची काहीच कल्पना नव्हती. कुठंही लिहून ठेवलेलं नसल्यामुळं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बदल्या होणारच. म्हणून माझी मागणी आता माणसांकडे नाही, कागदाकडे आहे. रात्रीच्या पाळीत स्टेशनच्या चौकीत संस्थेच्या कार्यकर्त्याची बसायची जागा लेखी ठरलेली असावी. मुलाला रात्री ठेवून घेताना बालगृहानं सकाळपर्यंत पत्राचा आग्रह धरू नये, हे समितीच्या कायम आदेशात असावं. अठरा ते पंचवीसच्या बेघर तरुणाला अटकेआधी एक फोन करता यावा, आणि तो फोन कुणाला, याची यादी ठाण्यात लावलेली असावी. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही करावंसं वाटत असेल, तर माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा: तुमच्या जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकात ते दोन सामाजिक कार्यकर्ते नेमले आहेत का, कधी नेमले, आणि गेल्या वर्षभरात ते किती मुलांना भेटले. दहा रुपयांचं तिकीट लागतं. उत्तर आलं की मला जरूर कळवा, मी जिल्ह्यांची नोंद ठेवते आहे.